आडनाव ऐच्छिक

पुण्यात आठ दिवस राहून आलो आणि शनिवारवाडा पाहिला नाही, हे ऐकून सोलापुरातल्या आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींनी मला वेड्यात काढलं. मग आठ दिवस केलंत काय, असं त्यांनी विचारलं. डोळे तपासून घेतले, असं मी ठोकून दिलं. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली, कागदावर कधी खोटं लिहिलं नाही. तोंडाने सांगितलेलं हे खोटं मात्र महिनाभर घशात अडकून राहिलं. आमच्या विहारात येणाऱ्या घरांतून आता घरटी एक तरी मूल पुण्या-मुंबईला नोकरीला आहे. त्यांच्यापैकी कुणाच्या आईबापावर अशा प्रवासाची वेळ आली तर त्यांना निदान वाट माहीत असावी, म्हणून हे लिहितो आहे. लेकीची परवानगी घेतली आहे. तिने नाव बदलायला सांगितलं, ते बदललं आहे. इथे तिचं नाव प्रज्ञा.

बुधवार, स्वारगेट

सकाळी सव्वासातला फोन आला तो प्रज्ञाचा नव्हता, तिच्यासोबत राहणाऱ्या जिन्सीचा होता. ही मुलगी केरळची. सहा वर्षं पुण्यात आहे, मराठी बोलते, पण हिंदीचा हात धरून.

"अंकल, आज येऊ शकता का? प्रज्ञाची तबियत ठीक नाही. पंधरा दिवस ऑफिसला गेली नाही. जेवत नाही."

"ताप आहे का?"

"मन की तबियत, अंकल. काल ती मला बोलली, मी नसते तर सगळ्यांचं सोपं झालं असतं."

हे वाक्य ऐकल्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. प्रज्ञाच्या आईला मी पोट बिघडल्याचं सांगितलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, परीक्षा तोंडावर होत्या, तिला निघता येणार नव्हतं. पोट बिघडलेल्या मुलीसाठी तिने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली, तेव्हाच मला समजायला हवं होतं की तिला सगळं समजलंय.

वाटेत काय पाहिलं ते सांगता येणार नाही. इंदापूर आलं आणि गेलं. मी चार वेळा फोन लावला, चारही वेळा तो वाजून वाजून बंद झाला. हडपसरला कंडक्टर ओरडत होता, अर्धी गाडी उतरली. माझं तिकीट स्वारगेटचं होतं, म्हणून मी बसून राहिलो. तिकीट जिथलं काढलं तिथे उतरायचं, ही माझी आयुष्यभराची शिस्त.

स्वारगेटला एका रिक्षावाल्याला खराडी म्हटलं, तर त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"सोलापूर गाडीनं आलात?"

"हो."

"मग हडपसरला उतरायचं होतं की. थांबते ती गाडी तिथं. दारसुद्धा उघडतात."

आल्या वाटेने परत हडपसर, तिथून मुंढव्याचा पूल. पुलावर रिक्षा अर्धा तास हलली नाही. खाली नदी होती म्हणतात. मला नुसती हिरवी जलपर्णी दिसली, पाणी कुठेच नाही. पलीकडे काचेच्या इमारती उन्हात चमकत होत्या आणि त्यांतल्या कुठल्या तरी एका मजल्यावर माझी पोर फोन उचलत नव्हती. माझ्या शिस्तीने दीड तास खाल्ला, आणि त्या दीड तासात मी माझ्या मुलीला मनातल्या मनात तीनदा गमावलं.

खराडी, नववा मजला

दार तिनेच उघडलं.

"पप्पा? तुम्ही कसे काय?"

एकोणतीस वर्षांची माझी मुलगी, इंजिनिअर. डोळ्यांखाली काळं, केस विंचरलेले नाहीत, ड्रेस अंगावर लोंबत होता. तिला जवळ घ्यावं असं आतून वाटत होतं. मी केलं काय, तर फोन का उचलत नाहीस म्हणून दारातच तिला झापलं. ती काही बोलली नाही. आमच्या घरात ती उलट बोलणारी म्हणून प्रसिद्ध होती.

नवव्या मजल्याला गॅलरी असते, आणि ती कशी असते हे ज्याच्या घरात असं माणूस आहे त्यालाच कळतं. आल्या आल्या मी खुर्ची ओढली आणि गॅलरीच्या दारातच ठाण मांडलं. वारा चांगला येतो म्हणालो. पुढचे तीन दिवस मी पेपर तिथेच वाचला, चहा तिथेच प्यायलो, डाळ तिथेच निवडली. ती बाथरूममध्ये गेली की दर दोन मिनिटांनी मी दारावर टकटक करायचो. "प्रज्ञा, पाणी येतंय का गं?" "गरम आहे का?" "साबण आहे?" गुरुवारी आतून आवाज आला, "पप्पा, पाणी आहे. मीपण आहे." मी भिंतीला टेकून खाली बसलो. मला रडू आलं.

आमच्या सोलापुरात नऊ वाजेपर्यंत दार उघडलं नाही तर तीन शेजारी कडी वाजवतात. इथे मजल्यावर चार दारं, बाहेर चपलांचे स्टँड, आणि आतल्या माणसाचा पत्ता नाही. जिन्सी नसती तर मला कोण कळवणार होतं? त्या पोरीने रात्रपाळी बदलून घेतली होती. मी विजेच्या शेगडीवर भाकरी टाकायला गेलो. ती एका बाजूने जळली आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहिली, तरी जिन्सीने ती चटणीबरोबर आवडीने खाल्ली. प्रज्ञाने दोन घास खाल्ले. मी ते घास मोजले.

गुरुवारी संध्याकाळी जरा पाय मोकळे करायला मी प्रज्ञाला खाली घेऊन गेलो. इमारतीच्या दारात माझ्या मित्राचा फोन आला आणि मी नेहमीसारखा खणखणीत "जय भीम" घातला. प्रज्ञाने माझी बाही इतकी जोरात ओढली की फोन पडता पडता वाचला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हळू बोला ना पप्पा. इथे नको."

ज्या मुलीने चौदा एप्रिलला सोलापुरात स्टेजवरून भाषणं केली, ती हे बोलत होती. मला राग यायला हवा होता. आली ती भीतीच. हिचं इथे नेमकं काय झालंय, हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी घरमालक भेटले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. खराडी गाव होतं तेव्हा या इमारतीच्या जागी त्यांचा ज्वारीचा पट्टा होता. आता पट्टा उभा झालाय, असं तेच म्हणतात. मनाने मोकळा माणूस.

"पोरीचं वडील व्हय तुम्ही? सोलापूरचं? गायकवाड म्हणजे आमचंच पाव्हणं की! आमच्या धाकटीला तिकडंच दिलीय. थांबा, मळ्यातली मेथी हाय, घिऊन जावा."

आमचं आडनाव असं आहे की ते मराठ्यांतही असतं आणि आमच्यातही. तात्यांच्या डोळ्यांत आपलेपणा होता. आम्ही बौद्ध आहोत, हे तीन शब्द सांगायला मला वेळ लागला नसता. खात्यात मी साहेबांच्या तोंडावर हे सांगितलंय. पण वर नवव्या मजल्यावर ती होती, आणि या घडीला तिच्या डोक्यावरचं छप्पर हललं तर? मी हसलो, मेथी घेतली आणि लिफ्टमध्ये शिरलो. लिफ्टच्या आरशात बघवेना, म्हणून नऊ मजले मी आकड्यांकडे बघत राहिलो.

शनिवार, विश्रांतवाडी

जिन्सीने पंधरा दिवसांपूर्वी प्रज्ञाला विश्रांतवाडीतल्या एका समुपदेशक बाईंकडे नेलं होतं. त्यांनीच मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवून गोळ्या सुरू करून दिल्या होत्या. शनिवारी तिसरी भेट होती आणि घरच्या कुणाला तरी आणा असा निरोप होता. त्याआधी ऑफिसतर्फे फोनवर बोलणारी एक समुपदेशक प्रज्ञाला मिळाली होती. मन शांत करायला घरातल्या देवघरासमोर बसल्याची कल्पना कर, कुलदैवताचं नाव घे, असं तिने सांगितलं. आमच्याकडे देवघर नसतं, असं प्रज्ञा म्हणाली. का नसतं, यावर पुढचं बोलणं गेलं, आणि हल्ली जात कुठे राहिलीय, तू फार मनाला लावून घेतेस, इथपर्यंत आलं. प्रज्ञाने फोन ठेवला तो ठेवलाच. हे मला रिक्षात जिन्सीने सांगितलं. प्रज्ञा रस्त्याकडे तोंड करून बसली होती.

आळंदी रस्त्यावर पिठाच्या गिरणीच्या वर पहिल्या मजल्यावर ती जागा. बाहेर पाटी: "मेघना. समुपदेशन. मराठी, हिंदी, इंग्रजी, थोडी कन्नड." खाली दुसरी पाटी: "फॉर्मवर आडनाव, जात, धर्म लिहिणे ऐच्छिक. चपला रांगेत ठेवणे ऐच्छिक नाही." बाकड्यावर बुरख्यातली एक तरुण मुलगी आणि तिची सासू एकाच डब्यातून शिरखुर्मा खात होत्या. शेजारी साडी नेसलेली एक तृतीयपंथी व्यक्ती लोकरीचं विणत बसली होती. तिने मला सरकून जागा दिली. खालून गिरणीची घरघर पायांना जाणवत होती. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसलो.

पिशवीत फाईल होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या घरात प्रत्येक मुलाची एक प्लॅस्टिकची फाईल असते. जन्मदाखला, दहावी-बारावी, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, प्रत्येकाच्या साक्षांकित प्रती. शाळेचं दार असो, वसतिगृहाचं असो की बँकेचं, ही फाईल घेतल्याशिवाय आम्ही पायरी चढत नाही, कारण फाईल नाही म्हणून परत पाठवलेली माणसं आमच्या प्रत्येक घरात आहेत. पोरगी आजारी आहे म्हटल्यावर सोलापुरातून निघताना मी पहिली वस्तू घेतली ती ही.

मेघनाताई पंचेचाळिशीच्या, चष्म्याच्या. आम्ही दोघं आत गेलो, जिन्सी खाली चहाला गेली. सवयीने मी पहिला प्रश्न टाकला.

"मॅडम, आपलं आडनाव?"

"सांगते की काका. पण ते कळल्यावर आपण काय करणार, ते आधी सांगा."

मी मांडीवरची पिशवी सावरली. त्यांनी आडनाव सांगितलं. ज्या आळीतून आमच्या आज्याला खाली मान घालून जावं लागे, त्या आळीतलं ते आडनाव. हिच्या हातात माझ्या पोरीचं मन?

"प्रज्ञाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या घरात वाढलेली नाही. मला जे कळत नाही ते तिने सांगायचं, आणि मी चुकले तर तोंडावर सांगायचं, असं आमचं ठरलंय. आतापर्यंत दोनदा चुकले. आपण आज काय घेऊन आलात?"

म्हणजे मनात काय घेऊन आलात, असं त्यांना विचारायचं असणार. मी मात्र पिशवीतून फाईल काढून टेबलावर ठेवली आणि वरचाच कागद त्यांच्याकडे वळवला. "हे तिचं वैधता प्रमाणपत्र. ओरिजिनल आहे. बाकी झेरॉक्स आहेत."

प्रज्ञाने त्या कागदाकडे पाहिलं. तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तसा मी तो कधी ऐकला नव्हता. ती उठली आणि दार उघडून निघून गेली. फोन खुर्चीवरच राहिला.

मी धावलो, बाकड्यावरच्या कुणाला विचारायचं भानही राहिलं नाही. खाली आळंदी रस्ता, ट्रक, टँकर, बस. मला ती कुठेच दिसेना. गिरणीवाल्याला विचारलं, तो म्हणाला इथून कुणी गेलं नाही. म्हणजे वर! जिन्सी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पळाली होती. मी जिना चढायला लागलो. दोन मजले, तीन मजले. माझ्या मागे मेघनाताईंच्या चपलांचा आवाज येत होता, पण त्या मला ओलांडून पुढे गेल्या नाहीत.

गच्चीच्या दाराला कुलूप होतं. शेवटच्या पायरीवर प्रज्ञा गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो. मेघनाताई वळणावर थांबल्या.

"ती फाईल कशाला आणलीत?" ती डोकं न उचलता म्हणाली. "तीन वर्षं झाली, पप्पा. ऑफिसमध्ये कुणाला माहीत नाही. मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. गायकवाड म्हणजे आपल्यातलीच, असं धरून चालले. मग डबा खाताना सगळं माझ्यासमोर बोलतात. कोटा, ते लोक, सगळं."

"मग तू..."

"ऐका ना. डिसेंबरमध्ये एक मुलगी नवीन लागली. तिचं आडनाव ऐकल्यावर एकजण म्हणाला, हिचा डबा वेगळ्या टेबलावर ठेवा बरं का. सगळे हसले. मी पण हसले, पप्पा. तिने बाकी कुणाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. तिला ओळखू आलं होतं. आठवड्यात ती सोडून गेली."

माझं डोकं तापलं. त्या हसणाऱ्यांची नावं विचारावीत, तक्रार ठोकावी, असं वाटलं. आणि मग माझी रेकॉर्ड सुरू झाली. "अगं, आपल्या माणसांनी याच्याहून किती सोसलं, तुझ्या आज्याने..."

"हेच!" ती ओरडली. "हे ऐकायचं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. त्यांनी सोसलं आणि मी हसले. मला माहितीये ते. रोज उठल्यापासून मला तेवढंच माहीत असतं."

आमच्या त्या सगळ्या गोष्टी मी तिला बळ यावं म्हणून लहानपणापासून सांगत आलो होतो. त्यांचं ओझं झालं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला काय द्यावं ते कळेना. खिशात होतं ते काढलं.

"तात्यांनी काल मला पाव्हणं म्हटलं," मी म्हणालो. "आमच्यातलेच तुम्ही म्हणाले. मी काही बोललो नाही. हसलो आणि मेथी घेतली."

तिने डोकं वर केलं.

"तुम्ही?"

"मी."

"आणि ती मेथी आपण खाल्ली."

"खाल्ली. मीठ जास्त झालं होतं."

ती हसली की रडली ते मला नीट सांगता येणार नाही. तिचं कपाळ माझ्या खांद्यावर आलं. ती आठवीत गेल्यानंतर हे झालं नव्हतं.

खोलीत परतल्यावर मेघनाताईंनी ती फाईल माझ्या हातात परत दिली, दोन्ही हातांनी. वाईट वाटलं की तुमच्या घरात काय करतात, असं त्यांनी प्रज्ञाला विचारलं. आई संध्याकाळी बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणते, ती म्हणाली. शब्दांचं माहीत नाही, पण तो आवाज मला हवासा वाटतो, असंही तिने सांगितलं. मग तो आवाज मागवून घेऊ, असं ठरलं. त्यानंतर एक कागद झाला. फार वाईट वाटू लागलं तर कुणाला फोन करायचा, ते प्रज्ञाने स्वतःच्या हाताने लिहायचं. तिने जिन्सीचं नाव लिहिलं, मेघनाताईंचं लिहिलं, डॉक्टरांचं लिहिलं. पेन खाली ठेवलं. मी वाट पाहिली. माझं नाव नव्हतं.

"काका, आपल्याला कशाची भीती वाटते?" मेघनाताईंनी मला विचारलं. इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"फोन वाजला की वाटते," मी म्हणालो, "आणि नाही वाजला तरी वाटते."

"ही भीती जाईल असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "आपण उपाय सांगण्यात पटाईत आहात, ते जिन्यावर ऐकलं. थोडे दिवस नुसतं ऐकून बघा. अवघड जाईल."

परतल्यावर

बुधवारी निघालो. जिन्सी पंधरा दिवस घरून काम करणार होती, परीक्षा संपल्या की प्रज्ञाची आई जाणार होती. लेकीला सोडून गाडीत बसणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात भीतीदायक काम. हडपसरलाच बसलो.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. तिने त्याच संध्याकाळी त्रिसरण म्हणून मोबाईलवर पाठवलं, मागे कुकरच्या शिट्टीसकट. नंतर आठ-दहा दिवस प्रज्ञाचे फोन यायचे ते आईला, मोजून दोन मिनिटांचे. मी शेजारी बसून हिच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचो.

मग एका दुपारी माझा फोन वाजला.

"पप्पा." आवाज खोल गेलेला. "आज फार वाईट वाटतंय. काही सांगू नका. ठेवूही नका."

जिन्सी कुठे आहे? गोळी घेतलीस का? गॅलरीचं दार बंद आहे का? सगळं ओठांवर येऊन उभं राहिलं. मी उंबऱ्यात बसलो आणि ओठ दाताखाली धरले. तिकडे पंखा फिरत होता. लिफ्टची घंटी वाजली, दारं सरकली, पुन्हा शांत. ती श्वास घेत होती, मी ते ऐकत होतो. मधेच ती रडली. मधेच एवढंच म्हणाली, "आहात ना?" मी म्हणालो, "आहे." ही आतून आली, खुणेने काय झालं विचारू लागली, मी हात वर करून तिला थांबवलं. ती माझ्याजवळ खालीच बसली. अर्धा तास झाला, जास्तही असेल.

"जिन्सी आली," शेवटी तिकडून आवाज आला. "ठेवते पप्पा. उद्या करते."

फोन बंद झाला. मला उठता येईना.

"काय म्हणाली?" हिने माझा दंड धरून विचारलं.

"उद्या," मी म्हणालो. "उद्या करते म्हणाली."